छेदस्थानी कोण? विदासाक्षरता आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील पदवी शिक्षण

प्रस्तावना

उच्च शिक्षण आणि रोजगार यांच्या परस्परसंबंधाची चर्चा आज ज्या मोजक्या शब्दांभोवती फिरते, त्यांत 'डेटा लिटरसी' हा शब्द अग्रभागी आहे. विद्यापीठांची परिपत्रके, कौशल्य अभ्यासक्रमांची माहितीपत्रके, परिसंवादांची निमंत्रणे आणि नोकरीच्या जाहिराती या सर्वांत तो आढळतो. एखादा शब्द सर्वांच्या तोंडी रुळला म्हणजे त्याचा अर्थ निश्चित झाला असे मात्र नव्हे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची चिकित्सा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील पदवी शिक्षणाच्या संदर्भात केली आहे. कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर लागोपाठ वसलेल्या या शहरांतील बहुसंख्य विद्यार्थी कला आणि वाणिज्य शाखांत शिकतात. त्यांतील अनेक जण शिकत असतानाच दुकानात, कारखान्यात अथवा कार्यालयात अर्धवेळ काम करतात आणि पदवीनंतर ठाणे, ऐरोली, अंधेरी येथील कार्यालयांत लिपिकवर्गीय कामे शोधतात. त्यांना विदासाक्षर करावे याविषयी दुमत नाही. मतभेदाचा मुद्दा असा, की विदासाक्षर करणे म्हणजे नेमके काय करणे.

प्रथम शब्दाविषयी. 'डेटा' या शब्दाला मराठीत 'आधारसामग्री' आणि 'विदा' असे दोन पर्याय रूढ आहेत. पहिला परिभाषेतून आला, दुसरा संगणकक्षेत्रातील मराठीप्रेमींनी प्रचारात आणला. 'आधारसामग्री' हा शब्द बोजड असला तरी त्यात एक गुण आहे. ही सामग्री कशाला तरी आधार म्हणून गोळा केलेली आहे, म्हणजे तिच्यामागे कोणाचा तरी हेतू आहे, हे तो शब्द स्वतःच सांगतो. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'डेटा' म्हणजे भ्रमणध्वनीवरील इंटरनेटचा दैनिक कोटा होय. तो सायंकाळपर्यंत संपतो. या लेखात सोयीसाठी 'विदा' हा शब्द वापरला आहे.

कौशल्य आणि साक्षरता

राहुल भार्गव आणि कॅथरिन डिग्नाझिओ या अभ्यासकांनी २०१५ मध्ये विदासाक्षरतेची जी व्याख्या मांडली ती बरीच उद्धृत केली जाते. विदा वाचणे, ती हाताळणे, तिचे विश्लेषण करणे आणि तिच्या आधारे युक्तिवाद करणे या चार क्षमता त्यांनी त्या व्याख्येत अंतर्भूत केल्या. या चार क्रियापदांच्या कसोटीवर महाविद्यालयीन पातळीवरील प्रचलित उपक्रम तपासले असता असे दिसते, की त्यांतील बहुतेक दुसऱ्या क्रियापदापाशी थांबतात. तीस तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्यात एक्सेलची सूत्रे, पिव्होट टेबल, स्तंभालेख, वर्तुळालेख आणि अखेरीस बहुपर्यायी चाचणी असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. दिलेला तक्ता विद्यार्थी सुबकपणे मांडतो. तो तक्ता कोणी तयार केला, कशासाठी, कोणाला मोजून आणि कोणाला वगळून, हे प्रश्न त्या तीस तासांत सहसा येत नाहीत.

हे अभ्यासक्रम तीस तासांचेच का असतात याचेही उत्तर विदेत सापडते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या म्हणजे नॅकच्या निकषांत मूल्यवर्धित अभ्यासक्रमांची गणना किमान तीस तासांच्या अटीने होत असे. विदासाक्षरतेचा अभ्यासक्रम स्वतःच एका तक्त्यातील रकाना भरण्यासाठी जन्माला यावा, यातील विसंगती प्राध्यापकवर्गाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ एक्सेल शिकवू नये असा नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी महिन्याचा मेळ त्याच्या पगारावर अवलंबून आहे, त्याला उद्याच्या मुलाखतीत उपयोगी पडणारी गोष्ट आजच हवी असते आणि ती मागणी रास्त आहे. आक्षेप एवढाच आहे, की हाताळणीचे कौशल्य हीच साक्षरता असे मानल्याने विद्यार्थ्याला ज्या पायरीवर उभे केले जाते ती पायरीच आज सर्वांत अस्थिर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने काही क्षणांत आलेख काढतात, सूत्रे लिहितात, तक्ते जुळवतात. तक्त्यातील एखादा आकडा अशक्य आहे हे ओळखण्याचे काम मात्र तो तक्ता ज्या व्यवहारातून आला त्या व्यवहाराची जाण असणाऱ्या माणसालाच नीट करता येते.

स्पर्धा परीक्षांतील विदा-अर्थबोधनाच्या प्रश्नांनीही या बाबतीत फारशी मदत केलेली नाही. बँकांच्या परीक्षांत दिलेला तक्ता हे अंतिम सत्य असते आणि उमेदवाराने मिनिटभराच्या आत उत्तराच्या वर्तुळापर्यंत पोहोचायचे असते. त्यामुळे शिकवणी वर्गांत वेगाची तालीम होते आणि तक्त्याविषयी संशय घेणे हा वेळेचा अपव्यय ठरतो. प्रत्यक्ष बँकेत रुजू झाल्यावर त्याच उमेदवाराच्या हाती कर्जमागणीचा अर्ज येतो आणि त्यातील उलाढालीच्या आकड्याविषयी संशय घेणे हेच त्याचे काम असते.

आकडे वाचण्याची मराठी परंपरा

आकड्यांविषयी असा प्रश्न विचारणे ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राकडून आयात केलेली गोष्ट आहे, असा समज या विषयावरील चर्चेत अनेकदा गृहीत असतो. मराठी विद्याव्यवहाराचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळांत मुख्याध्यापक होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वर्तुळात त्यांची ख्याती होती ती सरकारी अहवाल आणि अंदाजपत्रके यांच्या सखोल वाचनासाठी. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस गेले, त्या साक्षीच्या तयारीत आणि पुढे वरिष्ठ कायदेमंडळातील अंदाजपत्रकीय भाषणांत जोशी यांचे साहाय्य मोलाचे ठरले. गोखले स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक होते आणि त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक दीर्घकाळ वापरात होते.

१९०२ च्या भाषणात गोखल्यांनी केलेली मांडणी आजच्या वर्गातही नमुना म्हणून ठेवण्याजोगी आहे. सरकारी अंदाजपत्रकात सलग शिल्लक दिसत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. त्याच काळात देश लागोपाठ दोन मोठ्या दुष्काळांतून गेला होता. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही, सरकारी आकडे खोटे आहेत असेही म्हटले नाही. त्यांनी शिल्लक कोठून आली हे विचारले. रुपयाचा विनिमयदर सुमारे १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर गेल्यामुळे इंग्लंडमध्ये स्टर्लिंगमध्ये चुकवावयाच्या खर्चासाठी सरकारला कमी रुपये लागू लागले, परंतु घसरत्या रुपयाच्या काळात वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक ही रयतेच्या समृद्धीतून आलेली नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे उरलेली आहे, असा निष्कर्ष त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून काढला. यासाठी त्यांना नवी विदा गोळा करावी लागली नाही. उपलब्ध विदेतील एका आकड्याची उत्पत्ती शोधावी लागली.

येथे जोशी यांचा व्यवसाय विसरता कामा नये. ते अर्थशास्त्राचे पदवीधर संशोधक नव्हते, शाळामास्तर होते. विदासाक्षरता हा संख्याशास्त्र विभागाचा प्रांत आहे असे म्हणून अंग काढून घेणाऱ्या इतर विषयांच्या अध्यापकांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

परिसर हेच पाठ्यपुस्तक

विदासाक्षरतेचे अध्यापन बहुधा परक्या उदाहरणांवर चालते. अमेरिकी विक्रीकेंद्रांची मासिक विक्री, आयरिस फुलांच्या पाकळ्यांची मापे, टायटॅनिक जहाजावरील प्रवाशांची यादी. ही उदाहरणे सरावासाठी ठीक आहेत, परंतु त्यांतील आकडा चुकला तर तो चुकला हे विद्यार्थ्याला अनुभवाने कळण्याची शक्यता शून्य असते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या आकड्यांबाबत तसे होत नाही, आणि या परिसरात अशा आकड्यांचा तुटवडाही नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरापासूनच प्रारंभ करता येईल. मंदिराच्या उत्तरद्वारावरील शिलालेखातील वर्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच लेखाचे पुन्हा वाचन करून ते शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असे निश्चित केले आणि ते शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळाशी जुळते. एका अंकाच्या वाचनातील फरकाने मंदिर दोनशे वर्षांनी मागे-पुढे सरकते. दोघेही थोर अभ्यासक, दोघांपुढे दगड तोच. इतिहासाचा अध्यापक हे उदाहरण लिपिशास्त्राचे म्हणून सांगतो. तेच उदाहरण मूळ नोंद पुन्हा तपासण्याचे आणि एक आकडा दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहण्याचे म्हणूनही सांगता येते, आणि त्यासाठी संगणकाची गरज पडत नाही.

जनगणनेचे आकडे अधिक बोलके आहेत. २००१ ते २०११ या दशकात उल्हासनगरची लोकसंख्या ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ झाली. अंबरनाथची २,०३,८०४ वरून २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची ९७,९४८ वरून १,७४,२२६ झाली. वाढीचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ६.८, २४.४ आणि ७७.९ टक्के येते. आता विद्यार्थ्यांना तिन्ही शहरांची मिळून वाढ किती असे विचारल्यास त्यांतील बरेच जण तीन टक्केवारींची बेरीज करून तिनाने भागतील आणि ३६.४ टक्के असे उत्तर देतील. तिन्ही शहरांची एकत्रित लोकसंख्या ७,७५,४८३ वरून ९,३३,७९९ झाली, म्हणजे खरी वाढ सुमारे २०.४ टक्के आहे. दोन्ही उत्तरांतील फरक लहान नाही. कारण शोधताना विद्यार्थी आपोआप छेदाकडे वळतो. बदलापूरच्या ७७.९ टक्क्यांचा छेद लाखाच्या आत आहे आणि उल्हासनगरच्या ६.८ टक्क्यांचा छेद पावणेपाच लाखांचा आहे. टक्केवारींची सरासरी काढताना या दोन छेदांना सारखेच वजन मिळाले.

परंतु गणिती चूक सुधारली म्हणजे वाचन पूर्ण झाले असे नाही. उल्हासनगर का वाढले नाही? दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि हे सारे नगर सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात सामावलेले आहे. जमीन संपली तेव्हा वाढ बदलापूरकडे सरकली. हे उत्तर एक्सेलच्या कोणत्याही सूत्रातून येत नाही. ते शहराच्या इतिहासातून येते, आणि येथेच मानव्यविद्यांच्या अध्यापकाचे काम सुरू होते.

सीमांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ नोंदली गेली आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर त्याच आकड्यातील २९,९०,११६ माणसे पालघरच्या हिशेबात गेली आणि ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरली. आजच्या ठाणे जिल्ह्यातील एखादी बाब, मग ती रुग्णालयातील खाटा असो वा शाळा, २०११ च्या संपूर्ण जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागणारा प्रकल्पलेखक नकळत सुमारे तीस लाख माणसे छेदात अधिक धरतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्याबाबत असा सापळा आणखी जुना आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत ही दोन्ही शहरे समाविष्ट होती आणि १९९२ मध्ये ती वगळण्यात आली. त्यामुळे कल्याणच्या १९९१ आणि २००१ च्या आकड्यांची सरळ तुलना करणे म्हणजे दोन वेगवेगळ्या शहरांची तुलना करणे होय. शहराचे नाव तेच राहते, एवढ्यानेच फसगत होते.

२०२१ मध्ये व्हावयाची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. नगरपरिषदांची २०२५ मधील प्रभागरचनासुद्धा २०११ च्याच लोकसंख्येवर आधारलेली होती. ज्या शहराने एका दशकात सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के वाढ नोंदवली, त्या बदलापूरसाठी इतका जुना आकडा वापरणे आणि उल्हासनगरसाठी वापरणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. विदेला वय असते आणि ते सर्व ठिकाणी सारख्या गतीने वाढत नाही, हे समजण्यासाठी या दोन शेजाऱ्यांएवढे सोपे उदाहरण मिळणे कठीण.

पावसाचेही असेच आहे. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर आणि कुलाबा येथे अवघा ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दोहोंची सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपास येते आणि तेवढा पाऊस दोहोंपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता. उल्हास नदीचे खोरे तर या दोन्ही केंद्रांपासून दूर. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा मुंबईच्या पर्जन्यमापकाकडे पाहून त्या पाण्याचा अंदाज येणे शक्य नव्हते. मोजमाप कोठे झाले हा प्रश्न किती मोजले याच्या आधी यावा लागतो. हे उदाहरण भूगोलाच्या वर्गात दहा मिनिटांत संपते आणि बराच काळ लक्षात राहते.

व्यवसाय आणि संशय

विदासाक्षरतेचे व्यावसायिक मूल्य सांगताना 'डेटा सायंटिस्ट' या पदाचा आणि त्याच्या वेतनाचा उल्लेख हमखास येतो. कला-वाणिज्य शाखेतील तृतीय श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हे चित्र ठेवणे हा एक प्रकारचा निष्काळजीपणा आहे. त्याच्या वाट्याला येणारी कामे वेगळी आहेत. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात साठ्याची नोंद, सनदी लेखापालाच्या कार्यालयात वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांची जुळवणी, रुग्णालयातील देयक विभाग, कुरिअर कंपनीतील परताव्यांची यादी, नगरपरिषदेतील मालमत्ता कराची वसुली, शाळेतील पोषण आहाराची नोंदवही. या प्रत्येक कामात विदा असते आणि प्रत्येक ठिकाणी चुकीचा आकडा ओळखणारा कर्मचारी तो केवळ उतरवून काढणाऱ्यापेक्षा मोलाचा ठरतो. साठा वहीत ४० गोण्या आणि गोदामात ३७ असतील तर तीन गोण्या कोठे गेल्या हे विचारणारा लिपिक हवा असतो. वहीतील आकडा खोडून ३७ करणारा मुबलक मिळतो.

या बाबतीत उल्हासनगरच्या बाजारपेठेत वाढलेल्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी महाविद्यालय फारशी विचारात घेत नाही. कापड किंवा फर्निचरच्या दुकानदाराच्या मुलाला विक्री आणि वसुली यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. महिन्याचा माल दहा लाखांचा गेला आणि हाती चार लाख आले, तर धंदा दहा लाखांचा झाला असे त्याचे वडील म्हणत नाहीत. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसला नाही तर दिवाळीपूर्वी तो बसवावाच लागतो, हेही त्याला ठाऊक असते. हा संशयी स्वभाव विदासाक्षरतेचा गाभा आहे. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्य अभ्यासक्रमात 'गणितीय व सांख्यिकी तंत्रे' हा विषय अनेक वर्षे होता. त्यात सहसंबंध गुणांक काढण्याची रीत आली, घरातील हे ज्ञान मात्र वर्गाबाहेरच राहिले. परिणामी तोच मुलगा दुकानात चतुर आणि वर्गात कच्चा ठरत आला.

महाविद्यालयाचा स्वतःचा तक्ता

विदासाक्षरतेच्या चर्चेतील सर्वांत अवघड भाग विद्यार्थ्यांविषयीचा नाही. तो महाविद्यालयांविषयीचा आहे. गेल्या दीड दशकात प्राध्यापकवर्गाने जितकी विदा भरली तितकी बहुधा कोणत्याच पूर्वीच्या पिढीने भरली नसेल. २०१०-११ पासूनचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल, वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल, शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरील नोंदी. २०१७ मध्ये आलेल्या नॅकच्या सुधारित आराखड्यात सुमारे ७० टक्के भार संख्यात्मक निकषांवर गेला, तेव्हापासून महाविद्यालयांत विदा हा शब्द धास्तीशी जोडला गेला. पुरावे गोळा होतात, छायाचित्रांवर स्थळ आणि वेळ उमटवली जाते, तक्ते वर पाठवले जातात. तेथून गुणांकन परत येते. पाठवलेला तक्ता विभागाच्या बैठकीत पुन्हा उघडून वाचला गेला, असे क्वचितच घडते. जी संस्था आपली विदा केवळ भरते आणि वाचत नाही, तिच्याकडून विद्यार्थ्यांना वाचन शिकवले जाईल ही अपेक्षा कितपत योग्य, हा प्रश्न टाळता येत नाही.

एक काल्पनिक परंतु सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, एका वर्गात प्रथम वर्षाला १२० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. तृतीय वर्षाच्या अखेरच्या परीक्षेस ८० बसले आणि ७२ उत्तीर्ण झाले. निकाल ९० टक्के लागला, असे महाविद्यालयाच्या फलकावर लिहिले जाते आणि त्यात असत्य काही नाही. प्रवेश घेतलेल्या १२० पैकी ६० टक्केच पदवीपर्यंत पोहोचले, हेही तितकेच सत्य आहे. पहिल्या अपूर्णांकाचा छेद ८० आहे, दुसऱ्याचा १२०. दोन छेदांमधील ४० विद्यार्थी नापास झालेले नाहीत, कारण नापास होण्यासाठीसुद्धा परीक्षेस बसावे लागते. ते हिशेबातूनच गेले आहेत. यांतील कोणी शिलाईच्या कारखान्यात लागला असेल, कोणी घरपोच सेवेच्या दुचाकीवर असेल, एखाद्या मुलीचे लग्न झाले असेल, एखादे कुटुंब भाडे परवडेना म्हणून बदलापूरहून नेरळकडे सरकले असेल. प्राध्यापकांना यांतील अनेकांची नावे अजून आठवत असतात. तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.

यावर असे म्हटले जाईल, की निकालाची ही रीत विद्यापीठानेच ठरवलेली आहे आणि महाविद्यालयाला ती बदलता येत नाही. हे खरे आहे. परंतु फलकावर ९० टक्के लिहिण्याची रीत पाळूनही विभागाच्या स्वतःच्या वहीत दुसरा अपूर्णांक लिहिण्यास कोणाची मनाई नाही. तो अपूर्णांक सलग पाच वर्षे लिहिला, तर विद्यार्थी कोणत्या सत्रात गळतात, सकाळच्या वर्गात की दुपारच्या, शिष्यवृत्ती उशिरा आलेल्या वर्षी अधिक की इतर वर्षी, हे दिसू लागेल. आणि हा तक्ता तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनीच तयार केला, तर विदासाक्षरतेचा त्याहून चांगला प्रात्यक्षिक पाठ दुसरा नसेल. आपल्या वर्गातून कोण गेले हे त्यांना कोणत्याही कार्यालयापेक्षा अधिक ठाऊक असते. अर्थात येथे गोपनीयतेचे भान हवे. नावे वगळून, कारणांचे स्थूल गट करूनच हे काम व्हावे, आणि वर्गमित्राच्या अडचणीचा आकडा करताना कोठे थांबावे हेही त्याच पाठात शिकवले जावे.

विषय कोणी शिकवावा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. विदासाक्षरतेसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम वाढवण्यापेक्षा ही तीन दालने वापरणे अधिक श्रेयस्कर ठरेल. त्यासाठी संगणक विभागाची मक्तेदारी सोडावी लागेल आणि मराठी, हिंदी, सिंधी, इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल या विभागांना आपापल्या विषयातील आकड्यांची जबाबदारी घ्यावी लागेल. गणिताची भीती ही अडचण खरी आहे, परंतु ती वाढवून सांगितली जाते. वर दिलेल्या उदाहरणांत भागाकारापलीकडे काही नाही. भाषेची अडचण अधिक गंभीर आहे. शासकीय सर्वेक्षणांच्या व्याख्या बहुधा इंग्रजीत वाचाव्या लागतात, आणि 'कामगार', 'कुटुंब', 'बेरोजगार' या शब्दांचा सर्वेक्षणातील अर्थ व्यवहारातील अर्थाहून वेगळा असतो. मराठीच्या अध्यापकाला येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. संज्ञा व्यवहारातून परिभाषेत जाताना काय गमावते, हे सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला नाही.

नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाचा दाखला घेता येईल. त्यानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग, सर्वसाधारण स्थितीच्या मापाने, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. हा आकडा स्त्रियांच्या प्रगतीचे चिन्ह म्हणून भाषणांत येतो आणि तो खोटा नाही. घरच्या व्यवसायात विनामोबदला मदत करणारी स्त्रीही या व्याख्येत श्रमशक्तीचा भाग असते आणि वाढीचा मोठा हिस्सा स्वयंरोजगाराच्या रकान्यातून आला आहे, हे भाषणात येत नाही. उल्हासनगरच्या जीन्स शिलाईच्या व्यवसायाशी जोडलेल्या वस्त्यांत घरी बसून नगावर होणारी धागेकटाई आणि बटणे लावण्याची कामे यांचा क्षेत्र प्रकल्प अर्थशास्त्राच्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनींना सहज करता येईल. त्यांतील काहींच्या घरी हे काम चालत असण्याचीही शक्यता आहे. प्रकल्पाचा खरा कस प्रश्नावली तयार करताना लागेल. 'आपण काम करता का?' असा पहिला प्रश्न ठेवला तर बऱ्याच घरांतून 'नाही, घरीच असते' असे उत्तर येण्याचा संभव आहे. त्याऐवजी 'काल किती नगांचे धागे कापले आणि एका नगाला किती मिळाले?' असे विचारले, तर त्याच घरातून दोन आकडे मिळतील. आधी कोणता प्रश्न विचारायचा, यावर वर्गात एक पूर्ण तासिका खर्च करावी.